शेवटची वाफ

२१ जून, शनिवार

काल उन्हाळ्याचा मोठा सण झाला. तळ्याकाठी शेकोटी पेटली, डास न बोलावता आले आणि ताउनोने सॉसेजं करपवली. लग्न झाल्यापासून हा माणूस सॉसेजं करपवतोय आणि वर म्हणतो, "धुराची चव आहे, लेम्पी. तुला कळायची नाही."

सगळं रीतीप्रमाणे झालं, पण एक गोष्ट सलते आहे. वेन्ला साउनात, आमच्या वाफेच्या न्हाणीघरात, आली नाही.

माझ्या लेकीची, मेर्याची ही मुलगी, माझी एकुलती नात. सव्वीस वर्षांची झाली. औलू शहरात राहते, जंगलावरून उडता कॅमेरा फिरवते आणि वरून काढलेली चित्रं वाचून कुठली झाडं किडली ते सांगते. तिच्याबरोबर ओस्करी आला होता. पुढच्या उन्हाळ्यात दोघांचं आमच्याच गावच्या देवळात लग्न आहे. पुरुषांचं आटोपल्यावर मेर्या आणि मी आत गेलो. वरच्या बाकावर वेन्लाचं लिननचं बसकर अंथरून ठेवलं, त्यावर तिच्या नावाचं अक्षर मीच भरलंय. ती येईपर्यंत तापलेल्या दगडांवर पाणी टाकायची मी थांबले. बाहेरून आवाज आला, "आजी, डोकं दुखतंय. तुम्ही घ्या."

चार वर्षांची असल्यापासून ही पोर माझ्या मांडीला मांडी लावून तिथे घामेजली आहे. पहिली पाळी आली ती बातमीसुद्धा तिने मला त्याच बाकावर सांगितली, आईला नंतर. आमच्या घरात बोलायचं ते तिथे बोललं जातं. स्वयंपाकघरात आम्ही फक्त कॉफी पितो.

या घरात बायकांबरोबर साउनात न येणारं माणूस आजवर एकच होऊन गेलं, माझी थोरली नणंद हेल्वी. लग्न न करता जन्मभर मागच्या खोलीत राहिली. सगळ्यांचं झाल्यावर, दगड निवत आले की एकटी जायची. शेवटची वाफ साउनाच्या राखणदाराला सोडायची, तेव्हा माणसाने आत असू नये अशी आमच्याकडची रीत. म्हणून सासरे म्हणायचे, "आमच्या हेल्वीचं राखणदाराशी जमलंय." सगळे हसायचे, तीही हसायची. पण हेल्वीचा स्वभावच तसा, एकलकोंडा. वेन्ला तशी नाही.

५ जुलै, शनिवार

वेन्ला पुन्हा येऊन गेली आणि पुन्हा साउना टाळली. तळ्यात पोहली ती ओस्करीचा लांब सदरा घालून. अंगाने भरली आहे. बोलताना हनुवटीखाली हात धरून बसते, दात दुखत असल्यासारखी. सकाळी मी मागच्या खोलीत चादरी घ्यायला गेले तर खिडकीतल्या हेल्वीच्या आरशापुढे उभी होती. मला पाहून अशी दचकून बाजूला झाली की मलाच चोरी केल्यासारखं वाटलं. उजेड तिथे छान येतो खरा. हेल्वीही रोज सकाळी तिथेच उभी असायची, आणि आम्ही म्हणायचो, ही बाई नटते तरी कुणासाठी?

मी एकाला एक जोडून पाहिलं. माझ्या लहानपणी एखादी मुलगी शनिवारची साउना टाळायला लागली की बायका एकमेकींकडे बघायच्या, आणि पुढच्या वसंतात बारसं व्हायचं. पोट लपवायला दुसरीकडे जागा होती, साउनात नव्हती; तिथे अंगावर कपडा नसतो.

"पोरीला दिवस गेलेत," मी ताउनोला म्हटलं.

तो जाळं दुरुस्त करत होता. मान वर केली नाही. "तिने सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? बाई बाईला ओळखते."

"मागे तू अंगणात लांडगाही ओळखला होतास. तो शेजाऱ्यांचा कुत्रा निघाला."

"अंधार होता."

"जुलै होता, लेम्पी."

या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. जुलैत आमच्याकडे रात्रीसुद्धा सुईत दोरा ओवता येतो हे मलाही माहीत आहे.

११ जुलै, शुक्रवार

लांडगा नाही, कुत्रा नाही. मी बरोबर होते!

मेर्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मग तोंडातून निसटलं, "काल वेन्लाची सोनोग्राफी झाली." ती एकदम म्हणाली, "आई, तिने तुला सांगू नको म्हटलंय. मी काही बोलले नाही हं," आणि फोन ठेवून दिला. आवाज रडवेला होता. आनंदानेही माणूस रडतं. मी रडलेच.

ताउनोला सांगितलं. तो म्हणाला, "सोनोग्राफी माझ्या गुडघ्याचीही झाली होती." पण मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला आणि म्हणाला, "होडीला रंग द्यायला हवा." म्हणजे त्यालाही पटलं.

१५ जुलै, मंगळवार

मोजे झाले. करडी लोकर, वर पिवळी पट्टी. माळ्यावरून मेर्याची बाळंतपेटी काढली. मेर्या जन्मली तेव्हा सरकारकडून आलेली, बाळाचे कपडे भरलेली, पुठ्ठ्याचीच. पण पहिले तीन महिने लेक त्यातच निजली. कोपरा उंदराने कुरतडला होता, तिथे कापड चिकटवलं. आत नवी गादी शिवते आहे.

मनात एक शंका येऊन जाते. पोरीने सांगू नको म्हटलं, मग मी आपणहून का पुढे व्हावं? पण ती कदाचित घाबरत असेल. पहिलं बाळ, लग्नाच्या आधी. तिला वाटत असेल आजी जुन्या वळणाची. पेटी बघितली की तिला कळेल की आजीला काही वावगं वाटत नाही.

२७ जुलै, रविवार

लिहू की नको असं झालंय. लिहितेच.

काल दोघं आले. सकाळी सगळे दलदलीत पिवळ्या बेरी वेचायला गेलो. यंदा पीक उशिरा आहे, निम्म्या बेरी अजून लाल आणि कडक. बाहेरगावचे लोक लाल दिसल्या की पिकल्या समजून तोडतात आणि दात आंबवून घेतात. आमची बेरी लाल असते तेव्हा कच्ची, पिवळी पडली की पिकली. वेन्लाने फोनवर त्याच दलदलीचं वरून काढलेलं चित्र दाखवलं. करड्या रंगात काळे काळे गोल, सगळे कडेकडेने. आम्ही त्यांना दलदलीचे डोळे म्हणतो. त्यात पाय गेला तर कंबरेपर्यंत आत जातो. "वरून कशी भोकं पडल्यासारखी दिसते ना?" वेन्ला म्हणाली आणि फोन पटकन खिशात टाकला.

दुपारी कॉफीला बसलो. मी पेटी आणून तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "उघड."

तिने झाकण काढलं. गादी बघितली, मोजे बघितले. ओस्करीने मान वाकवून आत पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला, खिडकी उघडल्यासारखा. "वेन्ला?" म्हणाला. एवढंच.

वेन्ला पेटीकडे बघतच नव्हती, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

मग तिने झाकण नीट लावलं. "यात ठेवायला माझ्याकडे काही नाही, आजी. बाळबिळ नाही. गाठी आहेत. दोन्ही बीजकोशांत, भरून. पीसीओएस म्हणतात. मी चित्र बघितलंय."

"अगं पण डॉक्टर काय..."

"डॉक्टर म्हणाला, मूल हवं असेल तेव्हा ये, मग बघू. दाराकडे बघत म्हणाला. बाकीचं मी वाचलं. आणि चित्रं वाचण्यावरच मी जगते, आजी. भोक पडलेलं मला कळतं."

उठली आणि गाडीत जाऊन बसली. ओस्करी तिच्यामागे धावला. जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याचं मला जास्तच लागलं. वेचलेल्या बेरी टेबलावर तशाच राहिल्या.

ताउनोने त्या कुत्र्याचं नाव काढलं नाही. लांडग्याचंही नाही.

२८ जुलै, सोमवार

पेटी माळ्यावर ठेवली. मोजे उसवायला घेतले, पण हात चालेना. तसेच टोपलीत टाकले. वेन्लाला फोन केला, तिने घेतला नाही. मेर्याने घेतला आणि म्हणाली, "आई, तुला एक मेलं विचारता येत नव्हतं?" नव्हतं, खरंच.

७ ऑगस्ट, गुरुवार

परवा वाचनालयाची गाडी आली. शाळा मी बारा वर्षांची असताना सोडली. पुढचं जे काही शिकले ते या गाडीच्या पायरीवर. गाडीतल्या बाईला म्हटलं, "बायकांच्या पोटातलं काहीतरी दे, पण मला कळेल असं." तिने दोन पुस्तकं दिली आणि 'का' म्हणून विचारलं नाही. भली बाई.

दोन दिवस वाचते आहे. अर्धं कळलं. पाळी लांबते, महिनोन्‌महिने येत नाही. वजन चढतं. आणि केस येतात, हनुवटीवर, बेंबीखाली, छातीवर, पुरुषाला येतात तसे.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. लांब सदरा आणि हनुवटीखालचा हात डोळ्यांपुढे आला. ज्या पोरीने माझ्याजवळ कधी अंग चोरलं नाही तिला आता माझ्यापासून अंग चोरावंसं वाटतंय. गाठींपेक्षा मला हेच जास्त टोचलं.

पुस्तकात लिहिलंय की हे घराण्यात उतरतं. मी आमच्या बाजूच्या सगळ्या बायका आठवून पाहिल्या. माझ्या आईला सात पोरं झाली, मावशीला नऊ, मला तीन. एकीलाही असलं काही नव्हतं. मग पोरीच्या वाट्याला हे कुठून आलं?

१६ ऑगस्ट, शनिवार

ओस्करी एकटाच आला. दारात उभा राहून म्हणाला, "आजी, आजोबांना साउनाच्या चुलीतले दगड बदलायचे होते ना? आलोय."

दोघांनी सगळे दगड बाहेर काढून गवतावर पसरले. मी कॉफी घेऊन गेले तर ओस्करी आपणहूनच बोलायला लागला.

"तिने अंगठी काढून फ्रिजवर ठेवली आहे. परत देत नाही, घालतही नाही. मी हात लावत नाही. रोज फ्रिजमधून दूध घेताना आम्ही दोघं तिकडे न बघता घेतो."

"काय म्हणते?"

"नॉर्वेत हिवाळाभराचं काम मिळतंय, ऑक्टोबरात जाते म्हणते. आणि मी मोकळा म्हणे." तो हसला, पण धड नाही. "मी बांधलेला होतो हेच मला माहीत नव्हतं."

मी म्हटलं, "रागावू नकोस, पण त्या दिवशी तुझा चेहरा उजळला होता. तिने पाहिला."

"उजळला. खोटं कशाला बोलू, आजी? पण तिचं म्हणून उजळला. पेटीत दुसऱ्या कुणाचं बाळ असतं तर मी कॉफी पीत राहिलो असतो."

"हे तिला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाली, तू चांगला आहेस म्हणून असं बोलतोस. आता चांगला असणं हाही माझाच गुन्हा."

ताउनो इतका वेळ दगड वाजवत होता. एक गुळगुळीत, देखणा दगड उचलून त्याने दुसऱ्यावर आपटला, त्याचा भुगा झाला. मग एक वेडावाकडा, भेगा पडलेला उचलला आणि आपटला. खणखणीत वाजला. "हा राहू दे," म्हणाला. "नुसतं बघून टाकत बसलो असतो तर निम्मे धड दगड तळ्यात गेले असते."

ओस्करी त्याच्याकडे बघत राहिला. ताउनो म्हणाला, "काय? मी दगडांचं बोलतोय."

३ सप्टेंबर, बुधवार

वेन्लाचा फोन! मी पीठ मळत होते, फोन अजून चिकट आहे.

"आजी, सोळा तारखेला मोठ्या दवाखान्यात पुन्हा सोनोग्राफी आहे. येशील?"

"येईन. पण मेर्याला..."

"आई नको. आई रडते."

"मी रडत नाही का?"

"तू रडतेस, पण रडता रडता खातेस. मला ते चालतं."

पेटीबद्दल माफी मागायला मी तोंड उघडलं, तर म्हणाली, "ते नंतर. नाहीतर मी फोन ठेवीन." मग तीच म्हणाली, "एकदा नीट कुणीतरी सांगितलं की नाहीच होणार, की मी मोकळी. मग ओस्करीला काय ते सांगून टाकीन."

पोरीला 'नाही' ऐकायला जायचंय आणि सोबत मी हवी आहे. जीव घाबरा झालाय. पण बोलावलं तिने, हे काय कमी आहे?

१७ सप्टेंबर, बुधवार

काल औलूच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. सविस्तर लिहिते, नाहीतर विसरेन.

डॉक्टर पन्नाशीची बाई, पायात लोकरीचे मोजे आणि सपाता. मला म्हणाली, "तुम्ही आजी का? इथे डोक्याशी बसा, इथून पडदा दिसतो." मला वाटलं होतं बाहेर बसवतील. वेन्लाने माझा हात धरला, लहानपणी दाढ काढताना धरला होता तसा, नखं रुतवून.

पडद्यावर आधी नुसतं करडं धुकं होतं. मग डॉक्टर म्हणाली, "हा डावा बीजकोश. जरा मोठा आहे."

मी बघतच राहिले. करड्या रंगात काळे काळे गोल, कडेकडेने बसलेले.

"गाठी," वेन्ला म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"नावातच आहे."

"नाव जुनं आहे, चुकीचं आहे आणि आता निघता निघत नाही. या गाठी नाहीत. प्रत्येक काळा गोल म्हणजे एक इवलीशी थैली, आणि प्रत्येक थैलीत एक बीज. दर महिन्याला अशा बऱ्याच थैल्या वाढायला लागतात, त्यातली एक पुढे जाते, पिकते, फुटते. तुझ्याकडे त्या निघतात आणि अर्ध्या वाटेवर थांबतात. म्हणून ही गर्दी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे कच्च्या बेरी."

डॉक्टर हसली. "तसं म्हणा हवं तर. आणि एक सांगते, नुसतं हे चित्र बघून कुणाला आजारी ठरवता येत नाही. हिच्या वयाच्या कितीतरी धडधाकट मुलींचं असंच दिसतं. हिची पाळी लांबते, केस येतात, रक्तही तेच सांगतंय, म्हणून आपण पीसीओएस म्हणतो. चित्र साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही."

वेन्ला अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मूल होणार नाही ना?"

"होईलच असं मी कुणालाच लिहून देत नाही. पण या चित्रात 'नाही' कुठे लिहिलंय ते मला दाखव. काहींना आपोआप दिवस जातात, थोडा उशीर लागतो. बऱ्याच जणींना बीज पिकायला गोळ्या पुरतात. काहींना आणखी मदत लागते. आज तुला मूल हवंय का?"

"आज नाही."

"मग आज पाळीचं बघू. चार-चार महिने येत नाही ते गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला बरं नाही, त्याला औषध आहे. केसांनाही आहे. साखर तपासत राहू."

वेन्ला पडद्याकडे टक लावून होती. "आपली दलदल," ती हळूच म्हणाली. "वरून काढलेली. तेच डोळे, तसेच काठाने."

"आणि बेरी कुठे मिळतात गं?" मी म्हटलं. "त्या डोळ्यांच्या काठानेच तर मिळतात."

ती हसायला लागली. हसता हसता रडली, आणि डॉक्टर म्हणाली, "हलू नकोस, उजवा राहिलाय."

नंतर कपडे करून बसल्यावर डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाली, "बरा काळ आहे आता. माझ्या गुरूंच्या तरुणपणी पोट उघडून बीजकोशाची फोड काढायचे, चीजच्या गोळ्यातून काढावी तशी. कुणाची पाळी सुरू व्हायची, कुणाला आतून चिकटून आणखीच त्रास व्हायचा." मग विचारलं, "घराण्यात कुणाला होतं?"

"कुणालाच नाही," मी ठामपणे सांगितलं. तिने तसं लिहून घेतलं.

घरी येताना रस्त्यात रेनडिअर आडवे बसले होते, उठेनात. गाडी थांबवून आम्ही दालचिनीचे पाव खाल्ले. वेन्ला समोर बघत म्हणाली, "तुला दिसले असते, आजी. साउनात. पोटावरचे केस."

"माझ्या हनुवटीवरच्यांना ताउनोने नावं दिली आहेत. एकाचं नाव गव्हर्नर आहे."

"तुझं वय झालंय म्हणून आलेत. माझं निराळं आहे."

"निराळं आहे," मी कबूल केलं. "पेटीची माफी आता मागू का?"

"माग."

मागितली. तिने माझ्या हातातला अर्धा पाव काढून घेतला आणि खाल्ला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळपासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. घरच्या चीजचा गोळा कापताना सुरू झालं.

हेल्वी गेली तेव्हा तिला शेवटची आंघोळ मी घातली, साउनातच, जुन्या रीतीने. एका छपराखाली इतकी वर्षं काढून तिचं पोट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बेंबीच्या बरंच खाली आडवा व्रण, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तरुणपणी ती औलूच्या दवाखान्यात राहून आली होती. अपेंडिक्स, असं सासूबाई सांगायच्या. तिथून परतली आणि लाकडं वाहून नेणाऱ्या एका भल्या माणसाला तिने अंगठी परत दिली. का, ते कुणी विचारलं नाही. अपेंडिक्सला एवढा व्रण? असं मनात आलं होतं तेव्हा. मग पाणी गार व्हायला लागलं आणि मी पुढचं करत गेले.

ताउनोला विचारलं. तो म्हणाला, "पोट दुखायचं म्हणून नेलं होतं." मग कॉफी ढवळत म्हणाला, "रोज सकाळी आरशापुढे चिमटा घेऊन असायची. मला वाटायचं, भुवया कोरते."

"भुवया तर तिच्या झाडूसारख्या होत्या."

"हो ना," तो म्हणाला.

ठाऊक असणारं आता कुणी उरलं नाही. पण मी डॉक्टरला 'कुणालाच नाही' म्हटलं ते घाईने म्हटलं. माझ्या आईची, मावशीची पोरं मोजली, आणि ताउनोच्या बाजूचं रक्तही वेन्लात आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. डॉक्टरला फोन करायला हवा.

२१ सप्टेंबर, रविवार

काल दोघं आले. साउना ओस्करीने तापवली, नव्या दगडांवरची त्याची पहिलीच. पुरुष बाहेर आले आणि ताउनोने नेहमीप्रमाणे सॉसेजं करपवायला घेतली. मी आत जाऊन बसले. बोलावलं नाही. बोलवायचं नाही असं ठरवून गेले होते.

दार उघडलं. वेन्ला हनुवटीपर्यंत टॉवेल गुंडाळून आली आणि खालच्या बाकावर बसली, पाहुण्यासारखी. मी पाणी टाकलं. वाफ चढली. बराच वेळ आम्ही दोघी दगडांचं फुसफुसणं ऐकत होतो. मग ती उठली, वरच्या बाकावर माझ्या शेजारी आली, स्वतःचं बसकर सरळ केलं आणि टॉवेल काढून खुंटीला टांगला.

मी तिच्याकडे पाहिलं. न बघितल्यासारखं करणं मला बरं वाटलं नाही. पाहिलं, आणि म्हटलं, "पाठ फिरव, घासून देते." तिने फिरवली. तीच पाठ, डाव्या खांद्यावर तोच तीळ.

पाठमोरी असतानाच ती बोलली. "काल ओस्करीला सगळं सांगितलं. चित्रही दाखवलं. म्हटलं, होईल किंवा होणार नाही, तुला हे 'किंवा' चालेल का?"

"मग?"

"म्हणाला, त्याच्या जुन्या गाडीचंही रोज सकाळी हेच असतं."

"गाढव आहे."

"आहे," ती म्हणाली, आणि तिची पाठ हसण्याने हलत होती. "नॉर्वेचं काम घेतेय, आजी. काम चांगलं आहे. पण तोही येतोय. अंगठी काल घातली. फ्रिजवर राहून चिकट झाली होती."

साउनात रक्त खेळावं म्हणून अंगावर मारतात ती बर्चच्या डहाळ्यांची जुडी मी भिजवली आणि तिच्या खांद्यांवर मारली, जरा जोरातच. मला दुसरं काही सुचेना.

निघायच्या वेळी तिचं लक्ष गेलं. बाकावर माझ्या पलीकडे तिसरं बसकर अंथरलेलं होतं. जुनं, पिवळं पडलेलं. सकाळी मागच्या खोलीतल्या पेटाऱ्यातून काढलं होतं.

"हे कुणाचं? आई तर आली नाही."

"हेल्वीआत्याचं. तुझ्या आईची आत्या."

"राखणदाराबरोबर बसायची ती? आजोबा सांगतात ती?"

मग मी तिला सांगितलं. आरशाचं, चिमट्याचं, व्रणाचं, परत दिलेल्या अंगठीचं. जेवढं मला माहीत आहे तेवढं, आणि माहीत नाही तेही. वेन्ला त्या बसकराच्या पलीकडे येऊन बसली आणि त्यावरच्या अक्षरावरून बोट फिरवत ऐकत होती.

"म्हणजे राखणदाराबरोबर नाही," ती म्हणाली.

"नाही गं. एकटीच बसायची."

दगड निवत आले होते. रीतीने आता उठून बाहेर पडायचं, शेवटची वाफ मागे सोडायची. वेन्लाने बादलीत उरलेलं पाणी माझ्या हातात दिलं. मी ते दगडांवर ओतलं, वाफ हळूहळू वर आली, आणि आम्ही दोघी हेल्वीच्या दोन बाजूंना बसून राहिलो.